आजेसासऱ्यांचा सत्कार आणि लोकांचा कप

हायडेलबर्ग, ८ मार्च २०१५

स्वरूपाबाई,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी पत्र फाडत नाहीस ना, ते बघू.

बोलते आहे मी, लिहिते आहे तुझी आई. मी बोलते पाटणकडचं आणि ही लिहिते पुण्याचं, त्यामुळे पत्रात मी एकदम शिकलेली वाटेन. फसू नकोस. तुला दर शनिवारी ही याच टेबलावर बाराखडी शिकवायची तेव्हा मी शेजारी बसून लसूण सोलायचे. तीन वर्षांत तुला सगळी अक्षरं आली आणि मला लसणाची एक पाकळी न मोडता सोलता यायला लागली. ऊर्मिला म्हणते, "आई, हे कशाला लिहायचं?" मी म्हटलं, लिही. हिला वाटतं पत्र म्हणजे अर्ज.

तुझी ईमेल आली. राजनने, तुझ्या बापाने, उभ्याउभ्याच वाचली, मग बसला, मग पुन्हा वाचली. टेरेन्सच्या आजोबांचं विमान लढाईत जिथे पडलं, उल्मच्या पलीकडच्या त्या गावात, नऊ मेला त्यांच्या नावाची पाटी लावणार आहेत. तू, टेरेन्स आणि आजोबा अमेरिकेहून येणार. आणि शेवटी तू लिहिलंस, 'आई-बाबा, तुम्हाला यायचं असेल तर या.' दोन वर्षांनी एवढं वाक्य आलं, तेही जर्मनमध्ये. तुझ्या आईने ते मला चार वेळा वाचून दाखवलं. आजीचं नाव कुठे आहे का, म्हणून मी चारही वेळा कान देऊन ऐकलं. नव्हतं. असू दे.

आता घरातली गंमत ऐक. राजन म्हणतो, "मी येऊन काय करू? माझ्यामुळेच गेली ना ती." आणि तुझी आई म्हणते, "हो, तुमच्यामुळेच." गेली दोन वर्षं हे असंच चाललं आहे. टेरेन्स पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा राजनने त्याला दोन प्रश्न विचारले होते, पगार किती आणि लग्न वर्षभराने केलं तर चालेल का. त्या दोन प्रश्नांनी पोर तुटली, असं तुझ्या आईने धरलं आहे. तोही तसंच धरून बसला आहे. टेरेन्स काम करायचा तो इथला अमेरिकन फौजेचा दवाखाना बंद झाला, त्याची बदली झाली, तू त्याच्याबरोबर गेलीस, हे सगळं त्या दोन प्रश्नांच्या खात्यावर. विमानतळावर तू बापाला मिठी मारली नाहीस, ते तो अजून अधूनमधून सांगतो. कुणी न विचारता.

माझ्याशी तू बोलत नाहीस ते मी तुझ्या लग्नाला आले नाही म्हणून, असं मी सर्वांना सांगितलं आहे. माझे गुडघे दुखत होते. ऊर्मिला मान हलवते आहे, की हो, खरंच दुखत होते. बाकीचं तुला ठाऊक आहे.

ऊर्मिलाने पेन थांबवून विचारलं, "बाकीचं काय?" मी म्हटलं, काही नाही, उगाच बोलायची पद्धत.

पाटी लावणाऱ्या त्या गावातल्या बाईंना पंचवीस एप्रिलपर्यंत आकडा कळवायचा आहे म्हणे, किती खुर्च्या नि केकचे किती तुकडे. या देशात सत्काराला जायलाही आन्मेल्डुंग, म्हणजे आधी नोंदणी, लागते. ऊर्मिला म्हणते दोन खुर्च्या. राजन म्हणतो एक.

आशीर्वाद आहेतच. घ्यायचे असतील तर.

आजी


हायडेलबर्ग, २९ मार्च २०१५

स्वरूपे,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हतेच. रोज पोस्टवाली येते तेव्हा मी सहज खिडकीत असते.

तू पाठवायला सांगितलेलं आजोबांवरचं पुस्तक त्या गावच्या बाईंकडून आलं. फ्राउ ब्राइटिंगर नाव. निवृत्त शिक्षिका, हे पुस्तक बघूनच कळतं, प्रत्येक पानाखाली टिपा. लहानसंच आहे, पण ऊर्मिलाला जर्मनचं मराठी करत वाचायला दोन रविवार लागले. मी तूर निवडत ऐकलं.

मला वाटलं होतं, तुझे आजेसासरे म्हणजे साधे फौजी. आमच्याकडचेही होते. पण हे म्हणजे विमान चालवणारे! ऊर्मिलाने सांगितलं त्यातलं मला जे उमगलं ते तुला सांगते, चूक असेल तर टेरेन्सला विचारून दुरुस्त कर.

त्यांच्या सैन्याने आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं म्हणे, की काळ्या माणसाला विमान झेपणार नाही. मग बराच आरडाओरडा झाल्यावर त्यांना शिकवायचं ठरलं, पण वेगळं. वेगळा तळ, वेगळी तुकडी, वेगळी जेवायची खोली. शिकून तयार झाले, इटलीत पोचले, तिथेही तंबू वेगळे. काम काय, तर गोऱ्यांची बॉम्बची मोठी विमानं जर्मनीवर न्यायची आणि आणायची, त्यांना राखत उडायचं. यांच्या विमानांच्या शेपट्या लाल रंगवलेल्या. मोठ्या विमानातल्या गोऱ्यांना लाल शेपूट दिसली की धीर यायचा. पण त्या विमानात कोण बसलंय ते त्यांतल्या कित्येकांना माहीतच नव्हतं. खाली उतरल्यावर आपापल्या खोलीत जेवण.

मी म्हटलं, "ऊर्मिले, जीव राखायला चालतो नि ताटाला चालत नाही, असं का?" ती म्हणाली, "आई, तुम्हाला जास्त माहीत." तिच्या मनात काही नव्हतं, ती सहज म्हणाली. माझ्या हातातली तूर मात्र सांडली.

पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत आजोबांचं विमान पेटलं. बावीस वर्षांचे होते. छत्री घेऊन उडी मारली ते बटाट्याच्या शेतात. गावच्या पोलिसाने शाळेत कोंडलं, आणि ही फ्राउ ब्राइटिंगर तेव्हा सहा वर्षांची, खिडकीतून बघत होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा काळा माणूस पाहिला, आणि तो, ती लिहिते, थंडीने काकडत होता नि त्याने तिला जीभ काढून दाखवली. एवढ्यावरून बाई सत्तर वर्षांनी पाटी लावते आहे. मला ती आवडली.

मग कैद्यांची छावणी. तिथे जर्मनांनी अमेरिकन अधिकारी सगळे एकत्र कोंडलेले, गोरे आणि काळे एकाच बराकीत. आजोबांनी लिहून पाठवलं आहे, की आपल्याच सैन्यातल्या गोऱ्या माणसाच्या शेजारच्या फळीवर मी पहिल्यांदा झोपलो ते शत्रूच्या तुरुंगात. राजन पेपर वाचत होता, त्याने पान उलटलं नाही.

पुढे सुटका, घर. अंगावर गणवेश होता. गावच्या स्टेशनाजवळच्या खाणावळीत कॉफी मागितली. पुढून आत यायचं नाही, मागच्या खिडकीशी ये, असं सांगितलं. खिडकीतून कॉफी दिली, ती त्यांच्यासारख्यांसाठी ठेवलेल्या डब्यात. आत टेबलांवर जर्मन युद्धकैदी जेवत होते, कामावर आणलेले. काचेतून दिसत होते.

साठ वर्षांनी सरकारने त्या सगळ्या तुकडीला सोन्याचं पदक दिलं, असं पुढे आहे. ते मी नीट ऐकलं नाही.

ऊर्मिला विचारते, "आई, पुढे काय लिहू?" आज एवढंच पुरे. डोळे दुखतात. तिचे, म्हणजे.

आजी


हायडेलबर्ग, ६ एप्रिल २०१५, ईस्टरचा सोमवार

स्वरूपे,

अक्षर वेगळं दिसेल. हे नीनाचं. वरच्या मजल्यावर राहते, कोल्हापूरची आहे, इथे युनिव्हर्सिटीत किड्यांवर संशोधन करते. राजन-ऊर्मिला डोंगरावर फिरायला गेले आहेत. ते यायच्या आत पत्र संपवून पाकीट चिकटवायचं, असं मी नीनाला सांगितलं आहे. तिला वाटतं आहे की मी मृत्युपत्र करते आहे. घाबरून हळू लिहिते.

माझी एक अडचण तू कधी लक्षात घेतलीस का? लिहिणाऱ्या माणसाला गुपित असतं. तो दार लावतो, लिहितो, टाकतो पेटीत. मला गुपित सांगायचं तर आधी ते तिसऱ्याला सांगावं लागतं. आणि या घरात माझं तिसरं माणूस म्हणजे तुझी आई. तिला सोडून सगळ्या जगाला हे सांगितलं असतं मी.

तर लिही गं नीना. दोन हजार बारा, ऑक्टोबर. राजन ऑफिसात, ऊर्मिला शाळेत कामावर. तू टेरेन्सला घेऊन आलीस. मला म्हणालीस, "आधी आजीला दाखवायचा, मग त्यांना." मी तोंडभर हसले. चांगला उंचापुरा, दाराशी बूट काढून आला, आणि तू शिकवलेला नमस्कार केला. मी चहा टाकला. तुझा कप निळ्या फुलांचा, माझाही. त्याचा मी खिडकीवरच्या फळीवरचा काढला.

तपकिरी. कान चिकटवलेला. नळवाला, धुराडंवाला कुणी आला तर त्यांना मी त्यात द्यायचे. तू पाच वर्षांची असताना एकदा त्यातून दूध प्यायला घेतलंस, आणि मी हातातून ओढून घेतला होता. "तो नाही, तो लोकांचा." तेव्हापासून तू त्याला 'लोकांचा कप' म्हणायचीस. म्हणून त्या दिवशी तुला समजावून सांगायची गरज पडली नाही. तू कपाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. तो चहा प्यायला. छान झालाय म्हणाला. उठून स्वतः कप धुतला, उपडा ठेवला. आणि तुम्ही गेलात.

माझा हात आपोआप गेला, असं मी मनाशी म्हणत असते. खोटं. आपोआप जायला कप जवळ लागतो. तो वरच्या फळीवर होता, मी स्टूल घेतलं होतं.

आणि मी काही गोरीपान नव्हे. मला बघायला आले तेव्हा माझ्या आईने मला खिडकीपासून लांब बसवलं होतं. हे मी स्वतःला वाचवायला सांगत नाही. सांगते, कारण यामुळे ते जास्तच वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "आजी, मी कुणाला सांगणार नाही. बाबांना कळलं तर ते तुला तोंड दाखवणार नाहीत. पण मी तुझ्याशी बोलणार नाही." आणि तू दोन्ही पाळलंस. इतकी पक्की निघशील असं वाटलं नव्हतं. राजनवर गेलीस.

पुढचं मात्र तुला माहीत नाही. तू तोंड मिटून गेलीस आणि तुझ्या आईने कारण शोधायला सुरुवात केली. तिला ते दोन प्रश्न सापडले. मी तिथेच बसलेली असायचे, स्वरूपा. ती त्याला बोलायची, तो ऐकून घ्यायचा, आणि मी वाटीत आमटी वाढून घ्यायचे. दोन वर्षं. एकदाही म्हटलं नाही, की अगं, त्याला सोड. तो बिचारा पगाराच्या प्रश्नापायी स्वतःला खलनायक समजतो. पगार तर मीही विचारला असता.

माझं मागणं एवढंच. तू राजनला फोन कर. सांग की तुझ्यामुळे नाही, आजीमुळे. तुझ्या तोंडून ऐकलं तर तो नऊ मेला येईल. पंचवीस तारखेपर्यंत खुर्ची सांगायची आहे. माझं काय ते मी बघेन.

नीनाने पेन ठेवलं आहे. म्हणते, "आजी, माझ्या पणजीलाही असाच वेगळ्या कपात चहा मिळायचा. लोकांच्या घरी." मी तिला म्हटलं, आता तूही जा उठून. ती म्हणाली, "पत्र पुरं करू द्या, मग बघते." आणि लिहिते आहे. मान वर न करता.

आले वाटतं ते. पाकीट.

आजी


हायडेलबर्ग, २२ एप्रिल २०१५

स्वरूपा,

तुझं उत्तर आलं. आणि तू लबाड आहेस.

तुला पक्कं ठाऊक होतं की पाकिटावर माझं नाव असलं तरी उघडून वाचणार ऊर्मिलाच. नीना महिनाभर पोर्तुगालला गेली आहे, किडे गोळा करायला. मी ते पाकीट उशीखाली दोन दिवस ठेवलं. जाड आहे का बघितलं, उजेडात धरून बघितलं. उलट होतं का सुलट तेही कळेना. शेवटी काल जेवण झाल्यावर ऊर्मिलापुढे केलं.

तिने मोठ्याने वाचलं. तीनच ओळी. 'आजी, तू मला जे सांगितलंस ते मला माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. मी सांगणार नाही.'

"कुणाला काय सांगायचं, आई?" ऊर्मिलाने विचारलं.

मी म्हटलं, "कागद आण. स्वरूपाला पत्र लिहायचं आहे."

ती म्हणाली, "आधी मला सांगा."

"पत्रातच कळेल. तू लिहीत जा."

तेव्हा कालचं ते पत्र तुला होतं खरं, पण लिहिणारीसाठी होतं. मी तिला ऑक्टोबरपासून सांगत गेले, आणि ती लिहीत गेली. तो कागद तिने ठेवून घेतला आहे, तुला पाठवत नाही म्हणते. म्हणून हे दुसरं. काल काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून आज पुन्हा बसलो आहोत. दोघी. ती आज माझ्याकडे बघत नाही, पण लिहिते. हेही लिही म्हटलं, तर लिहिलं.

कपापर्यंत आलो तेव्हा तिने विचारलं, "तपकिरी? कान चिकटवलेला? ज्यात मी धुण्याची पावडर मोजते तो?"

"तोच. त्या दिवसानंतर मीच खाली धुण्याच्या खोलीत, वॉशकुशेत, नेऊन ठेवला."

ती मग म्हणाली, "स्टूल घेतलंत तुम्ही?"

"घेतलं."

"गुडघे दुखत असताना?"

तुझी आई भांडायला लागली ना, की नेमकं बोट ठेवते. मी म्हटलं, हो, दुखत असताना.

मग तिने मला पुढे बोलू दिलं नाही. स्वतःच बोलली. "दोन वर्षं मी ह्यांना खाल्लं, आई. तुमच्यासमोर. ह्यांची साठी झाली तेव्हा मी केकसुद्धा आणला नाही. तुम्ही म्हणालात, अगं, आण की गं एवढासा. एवढंच म्हणालात." आणि उठून गेली. पंधरा मिनिटं नुसता नळाचा आवाज. भांडी आधीच घासून झाली होती.

परत आली ती राजनला घेऊनच. म्हणाली, "ह्यांना तुम्ही सांगा. माझ्या हातून नको."

मग सांगितलं. राजन माझा मुलगा आहे, तो ओरडत नाही, हे किती वाईट असतं ते तुला मूल झालं की कळेल. त्याने एकच विचारलं, "गावच्या घरी दाराआडच्या कोनाड्यातही होता ना एक?"

होता. आणि मी त्याला जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्याच्या जन्माच्या वेळी पलीकडच्या वस्तीतून सुईण आली होती. तो आडवा होता, तिने दोन तास खपून फिरवला, नाहीतर तो नाही आणि मीही नाही. त्यानंतर तिला चहा दिला तो त्या कोनाड्यातल्या कपात, वरून ओतून. तिनेच तो धुतला आणि परत कोनाड्यात ठेवला. मी बाजेवरून बघत होते, राजन माझ्या कुशीत. मला काहीच वाटलं नाही. आता वाटतं, पण आता तिला त्याचा काय उपयोग?

राजन उठून बाल्कनीत गेला. थोड्या वेळाने तिथून त्याचा जर्मनमधला आवाज ऐकू आला. फ्राउ ब्राइटिंगरना फोन. दोन खुर्च्या, दोन केक. ऊर्मिलाने मला खुणेने दोन बोटं दाखवली.

बरोबर आहे. माझी तक्रार नाही.

आजी

(स्वरूपा, मी आई. हे आजींना वाचून दाखवणार नाही. बाबा रात्रीचे जेवले नाहीत, पण सकाळी मला म्हणाले, "तिने मला मिठी मारली असती तर तिला रडू आलं असतं, आणि मग सांगावं लागलं असतं. म्हणून नाही मारली." बरोबर आहे का हे? मला नको सांगूस. त्यांना सांग.)


हायडेलबर्ग, २४ मे २०१५

स्वरूपा,

तुम्ही सुखरूप पोचलात, ते राजनने सांगितलं. तुझा त्याला फोन येतो, तो दार लावून बोलतो आणि बाहेर येऊन शिट्टी वाजवतो. मला मात्र अजून "औषध घेतलंस?" एवढंच विचारतो. घेतलं म्हटलं की जातो. महिन्यापूर्वी तेही ऊर्मिलाकरवी विचारायचा, तेव्हा प्रगती आहे.

तू त्या दिवशी पुढच्या रांगेत होतीस, तुला मागचं दिसलं नाही. ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी येणार नव्हतेच. सकाळी राजन म्हणाला, "दिवसभर एकटी कशी राहशील, बस गाडीत." तेव्हा आले, पण खुर्च्या दोनच सांगितल्या होत्या. मी गाडीतच बसते म्हटलं, कुणी आग्रह केला नाही. शेताच्या कडेला गाडी, काच थोडी खाली, बँडचा आवाज येत होता. महापौर बोलला, मग कुणी अमेरिकन अधिकारी बोलला, मग पुन्हा महापौर. पाटीवरचा पडदा काढला तेव्हा तू आजोबांचा हात धरला होतास. त्यांनी सलाम केला आणि तो हात बराच वेळ खाली आणला नाही. नंतर सगळे केककडे वळले. मी बघत होते राजनकडे. तो लांब उभा होता, तू त्याच्यापर्यंत चालत गेलीस, आणि तुम्ही दोघं शेतातून विमान पडल्याच्या जागेकडे निघालात. तू बोलत होतीस, तो नुसती मान हलवत होता. मग थांबलात. मला चष्म्यातून तेवढंच दिसलं, पण ती मिठीच असणार, कारण तुझी टोपी पडली.

मी डोळे पुसत होते, तेवढ्यात पुढचं दार उघडलं. काठी आत आली, मागोमाग आजोबा. सत्कारातून पळून आले होते. भाषणं आणि वारा, दोन्ही त्यांना पुरे झाले होते. स्टिअरिंगच्या जागी बसले, दार लावलं, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, "चला, कुठे नेता?" ते हसले. त्र्याण्णव वर्षांचा माणूस, दात स्वतःचे.

मग त्यांनी हातानेच दाखवलं, इथून असा आलो, इथे लागलं, इथे पडलो. मी बोटाने खाली दाखवून म्हटलं, "आमचे मालक इटलीत होते. फौजेत. मराठा पलटणीत." इटली त्यांना समजलं. "इंडियन?" विचारलं. मी मान हलवली. त्यांनी एक बोट वर केलं, स्वतःकडे दाखवलं; मग तेच बोट खाली केलं आणि माझ्याकडे, म्हणजे आमच्या मालकांकडे. बरोबरच होतं. एकाच हिवाळ्यात हे वर आणि ते खाली चिखलात.

आणि मग स्वरूपा, मी त्यांना सगळं सांगितलं. मराठीत. कप, स्टूल, सुईण, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मधूनमधून मान हलवली, शेवटी माझ्या हातावर थोपटलं. मला फार हलकं वाटलं. आणि लगेच स्वतःचा राग आला. न कळणाऱ्याला सांगून मोकळं व्हायला मला चांगलं जमतं.

म्हणून मी उतरले. ऊर्मिलाला बोलावलं, म्हटलं, टेरेन्सला इकडे आण, आणि मी बोलेन ते त्याला समजेल असं सांग, एक शब्द गाळू नकोस. तू आणि राजन तेव्हा शेतात होता. कुंपणापाशी उभं राहून तिने सांगितलं. तिचा आवाज दोनदा अडकला, माझा नाही, मी आधी सराव केला होता.

टेरेन्स म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. तसला कप ओळखायला आमच्या घरी लहानपणीच शिकवतात."

मी विचारलं, मग धुतलास का?

तो म्हणाला, "मी गेल्यावर तुम्ही तो कसा धुवाल, त्याचा विचार स्वरूपाला करावा लागू नये म्हणून."

बघ, तो माझ्याकरता नव्हे, तुझ्याकरता धुतला होता. मला दोन वर्षं वाटत होतं की त्याला काही कळलं नाही.

मग म्हणाला, आजोबांना आज सांगू नका, आज त्यांचा दिवस आहे. मी म्हटलं, सांगून झालं, पण मराठीत. तेव्हा तो जरासा हसला. माफ केलं असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. जाताना गुडघ्यांना सूज आहे का ते विचारलं, वाकून बघितलंही. दवाखान्यात सगळ्यांनाच बघत असेल तसंच.

तेवढ्यात फ्राउ ब्राइटिंगर फोटोसाठी माणसं गोळा करत आली. तू परत आली होतीस, टोपी हातात. तिने माझ्याकडे बघून तुला विचारलं, या कोण? मी सरकून कुंपणाला टेकले होते. तू म्हणालीस, "माझी ओमा." ओमा म्हणजे आजी, एवढं जर्मन मला येतं. तिने लगेच एक खुर्ची मागवली.

तू माझ्याशी बोलली नाहीस. माझ्याबद्दल बोललीस. तेवढं पुरे का, असं ऊर्मिला आता विचारते आहे. पुरत नाही. मी सांगितलं, लिही, पुरत नाही. पण जेवढं दिलंस तेवढं मी रोज थोडं थोडं खाते.

आता तुला लिहावंसं वाटलं तर लिही, शिव्या द्यायच्या तर त्याही दे. फक्त मोठ्या अक्षरांत दे, ऊर्मिलाला चष्मा लागला आहे. ती टेबलाशी बसून मोठ्याने वाचेल आणि राजन पेपर खाली ठेवून ऐकेल. मला एकटीला वाचून दाखवण्यासारखं या घरात आता काही उरलेलं नाही.

आजी